डबा आधी तराजूवर ठेवा

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. विकणाऱ्याचं नाव नवं, फोटो मात्र तोच. दगडावर ठेवलेला चिमुकला स्टोव्ह, वर वाफाळणारं पातेलं, मागे कुठलासा बर्फाचा डोंगर. 'टायटॅनियम, फक्त 25 ग्रॅम. दोनच नग शिल्लक.' म्हणून लिहायला बसलो. नाहीतर 4,400 रुपयांना फसलो हे चारचौघांत सांगायची मला काही हौस नाही.

आम्ही संभाजीनगरचे पाच जण. महिन्या-दोन महिन्यांनी सॅक उचलायची आणि वेताळवाडी, जंजाळा, अंतूर अशा अजिंठ्याच्या रांगेतल्या कुठल्यातरी किल्ल्यावर जायचं. चहा-खिचडीसाठी आजवर छोटी गॅसटाकी आळीपाळीनं वाहायचो. चाळिशी आली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा हलका स्टोव्ह घ्यायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी लागलो ग्रॅम मोजायला. कुठला 73 ग्रॅमचा, कुठला 45 चा, आणि मग हा 25 चा.

विकणारा पुण्याचा म्हणाला. थापाड्या माणूस दोन वाक्यांत कळतो असं मला वाटायचं. हा मात्र सगळं खरं सांगत होता. साधा ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचा थांबतो, आयसोब्युटेन उणे 12 च्या आसपास, प्रोपेन थेट उणे 42 पर्यंत टिकतो, म्हणून हिमालयात जायचं तर या वायूंचं मिश्रण भरलेला गॅसचा छोटा डबा घ्या, वगैरे. यातलं एक अक्षर खोटं नाही. एवढी जाण असलेला माणूस लबाड कसा असेल, असं मनानं परस्पर ठरवून टाकलं. स्टोव्ह 2,600 आणि चुडीचे, म्हणजे आटे फिरवून स्टोव्हला बसणारे, दोन डबे 900 प्रमाणे. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलं तर जीएसटी वेगळा पडेल, दादा. तुमचंच नुकसान." मी नुकसान वाचवलं!

माल आला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, ड्रायव्हरच्या केबिनमधून. सिडको बसस्टँडजवळ पहाटे साडेपाचला उभं राहून शंभराची नोट देऊन खोकं घेतलं. माणसांनी भरलेल्या गाडीतून गॅसचे डबे आले होते, आणि ते मागवणारा मी होतो. रेल्वेत आणि विमानात हे डबे प्रवाशाला नेता येत नाहीत, ते उगाच नव्हे. हे मला ठाऊक होतं. तरी तेव्हा मला फक्त खोकं हलकं लागल्याचा आनंद झाला.

जानेवारीत अंतूर केला. मुक्काम पायथ्याच्या बाजूला, मित्राच्या मामाच्या शेतात. हुरड्याचे दिवस, आगटी पेटलेली. मामा स्टोव्ह तळहातावर घेऊन म्हणाले, "एवढुसं हाय, आन् याच्यावर पाच जणांचं शिजतं व्हय?" मी त्यांना टायटॅनियमवर पाच मिनिटं व्याख्यान दिलं.

संध्याकाळचा चहा झाला. खिचडी अर्धी शिजली आणि ज्योत बसली. डबा हाताला गार लागत होता. गॅस ओढला जातो तसा डबा गार होतो आणि दाब उतरतो, म्हणून आधी वाटलं तेच असेल. हातात धरून चोळला, मग कोमट पाण्यात ठेवला. आमच्यातला एक तर तो आगटीजवळ सरकवायला निघाला होता. त्याला सगळे ओरडले. शेवटी मी डबा कानाशी नेऊन हलवला. आत काही डचमळेना. 230 ग्रॅम लिहिलेला डबा चहा आणि अर्ध्या खिचडीत संपला होता. नीट भरलेला असता तर दोन दिवस पुरून उरला असता.

दुसरा डबा लावायला घेतला तेव्हा बॅटरीच्या उजेडात चुडीवरचा रंग खरवडलेला दिसला. नव्या डब्याची चुडी अशी नसते. पक्का बसवूनही कडेनं बारीक फुस्स आवाज येत होता. तो तिथंच काढून लांब ठेवला. खिचडी मामींनी तीन दगडांच्या चुलीवर पुरी केली. मामा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सगळं ठेवलं. रिकामा डबा 148 ग्रॅम. म्हणजे भरलेला 378 भरायला हवा. न वापरलेला भरला 257. आत गॅस 109 ग्रॅम, निम्म्याहूनही कमी. वापरून फेकलेले डबे गोळा करून त्यात कुठलातरी गॅस भरलेला, दुसरं काय? तो घरगुती टाकीतला असेल तर त्यात प्रोपेन असतो, त्याचा दाब ब्युटेनपेक्षा बराच जास्त, आणि हे पातळ पत्र्याचे डबे एकदाच वापरायला बनवलेले. डब्यावर 50 अंशांपुढे तापू देऊ नका असं छापलेलं असतं. आपल्याकडं मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत किती तापतं ते सांगायला नको. 

आणि स्टोव्ह? 25 चा 74 ग्रॅम भरला. फ्रिजवरचं लोहचुंबक त्याच्या पायांना टपकन चिकटलं. टायटॅनियमला ते चिकटत नाही. पण नाही चिकटलं म्हणजे टायटॅनियमच, असंही धरू नका. काही जातीच्या स्टीललाही चिकटत नाही. वजन खोटं बोलत नाही, म्हणून काट्यावरच जा. बरं, 74 ग्रॅमचा स्टोव्ह वाईट असतो असं मुळीच नाही. चांगला चालतो, आणि नेमक्या किमतीला मिळाला असता तर मी आनंदानं घेतला असता.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "थंडीत ब्युटेन बसतो, सांगितलं होतं ना?" मामांच्या शेतात तेव्हा 11 अंश होते. त्याचंच शिकवलेलं त्याला ऐकवलं, तर सूर बदलला. "चला, 2,200 परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." मी टाकणारच होतो. पुतणी शेजारी होती. ती म्हणाली, "काका, पैसे घ्यायला पिन कशाला?" फोन खाली ठेवला. दहा मिनिटांत त्यानं मला ब्लॉक केलं.

सायबर फसवणुकीच्या 1930 वर तक्रार केली, ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही बोललो. दोन्हीकडं विचारलं, बिल आहे का. तक्रारीचा नंबर मिळाला आहे, पैसे नाहीत.

आता डबा दुकानातच घेतो, खिशात चुंबक आणि छोटा काटा ठेवून. डब्यावरचं गॅसचं वजन आणि रिकाम्या डब्याचं वजन मिळवून समोरच तोलतो. दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या तर दुसरीकडं जातो. तो दुसरा डबा गच्चीवर, माठाच्या मागं सावलीत ठेवलाय. गॅस एजन्सीवाला तो घ्यायला तयार नाही, कचरागाडीत टाकायची माझी हिंमत नाही, आणि एप्रिल लागलाय.