चार्जकूलर किट: वेग आला, दिवा आला नाही

माझ्या लोटस एक्सीज एस व्ही६ या स्पोर्ट्स कारवर ताकद वाढवायला बसवलेल्या किटबद्दल लिहीन लिहीन म्हणत होतो, मुहूर्त लागला तो त्यातला पाणी फिरवणारा पंप बंद पडल्यामुळे. पंप बंद पडला याचं फार दुःख नाही. विजेवर चालणारी वस्तू आहे, कधीतरी जाणारच. राग याचा आहे की तो बंद पडलाय हे गाडीने मला कळूच दिलं नाही. कधीपासून बंद होता, एक दिवस की पंधरा दिवस, हे मला आजही सांगता येणार नाही.

गाडीची कुंडली मांडत बसत नाही. टोयोटाचं ३.५ लिटरचं टूजीआर इंजिन, त्यावर हॅरॉपचा सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं, बेल्टवर फिरणारं यंत्र), त्याच्या आत ईटनचे टीव्हीएस रोटर, ३५० पीएस, वजन बाराशे किलोच्या आत. कारखान्यातून येताना या गाडीला इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा भाग, नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच आहे.

किट बनवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. छोटी कंपनी आहे. माणसं कामात हुशार, फोन उचलण्यात कच्ची. किट घडत होतं तेव्हा मापं घ्यायला आणि होज कुठून न्यायचे ते ठरवायला त्यांना एक गाडी हवी होती. मी माझी दिली आणि त्या बदल्यात किंमत घासून कमी करून घेतली. फुकट काही मिळालेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण ‘तू तर त्यांचाच माणूस’ हे ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

किट दोन टप्प्यांचं. पहिल्या टप्प्यात फक्त सुपरचार्जरची लहान पुली आणि नवा मॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकातला (ईसीयू) प्रोग्राम, आला. पुलीचा व्यास दहा टक्के कमी केला की रोटर अकरा टक्के जास्त वेगाने फिरतात. या सुपरचार्जरच्या नावातला १३२० हा आकडा म्हणजे एका फेरीत तो ढकलतो ती १.३२ लिटर हवा. फेऱ्या वाढल्या की हवा वाढली, हिशेब सरळ आहे. मिनी कूपर एसच्या जुन्या आर५३ वर लोक वर्षानुवर्षं पंधरा टक्के लहान पुली याच हिशेबाने बसवत आलेत. फरक एवढाच की त्या मिनीला इंटरकूलर जन्मापासून आहे.

गणिताची दुसरी बाजू जाहिरातीत नसते. हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असताना हवा दीडपट दाबली, तर अगदी आदर्श यंत्रातसुद्धा ती ३७ अंशांनी तापेल. रोटरवाल्या सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ही वाढ ५७ अंशांवर जाते, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा ८७ अंशांची. पुली लहान करून दाब १.६ पटीवर नेला, तर कार्यक्षमताही थोडी घसरते आणि हवा शंभरीला टेकते. शिवाय ही हवा दाबायला लागणारी ताकद इंजिनातूनच जाते. माझ्या ढोबळ हिशेबाने मूळ गाडीतही सुपरचार्जर पंचवीसेक अश्वशक्ती स्वतःच खातो, लहान पुलीवर त्याहून जास्त. हवा इतकी गरम झाली की नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोठावण्याचा) धोका वाढतो, ईसीयू टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो, आणि विकत घेतलेली ताकद तिथेच परत जाते.

प्रत्यक्षात झालं तेच. ट्रॅकवर पहिला लॅप झकास, गाडी सरळ रस्त्यावर अशी सुटायची की पैसे वसूल वाटायचे. तिसऱ्या लॅपपर्यंत मूळ गाडीपेक्षा काही वेगळं जाणवेना. वर बेल्टची काळी भुकटी, कारण लहान पुलीला बेल्टची मिठी कमी पडते आणि वरच्या आरपीएमला तो घसरतो. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलल्यावर ते थांबलं. पण थंडीत सकाळी एक जोरदार धाव आणि मग दिवसभर नुसता आवाज, याला मी तरी अपग्रेड म्हणणार नाही. कंपनीला हे सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणूनच तर दुसरा टप्पा आहे.’ दुसऱ्या टप्प्याचे पैसे अर्थातच वेगळे. माझं मत आजही तेच आहे: ट्रॅकवर जाणाऱ्याला पहिला टप्पा एकटा विकूच नये.

दुसरा टप्पा म्हणजे चार्जकूलर. सुपरचार्जरमधून बाहेर पडणारी गरम हवा पाण्याने थंड ठेवलेल्या जाळीतून, म्हणजे कोअरमधून, जाते. ते पाणी विजेच्या पंपाने गाडीच्या नाकातल्या स्वतंत्र रेडिएटरपर्यंत फिरतं आणि थंड होऊन परत येतं. इंजिन पाठीमागे, रेडिएटर पुढे, म्हणजे होजची जोडी पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढ्या लांब पाइपातून हवा काढणं म्हणजे संयमाची परीक्षा. गाडीचं नाक वर, मग शेपूट वर, झाकण उघडं, पंप चालू, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची. थांबले असं वाटतं आणि परत एक येतो. पाण्यात ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) किती घालायचं यावर कंपनीचं उत्तर दर फोनला बदलायचं. ग्लायकॉल जितकं जास्त तितकी त्या पाण्याची उष्णता वाहून न्यायची क्षमता कमी, हे पुस्तकात आहे. गोठण्याची भीती नसेल तिथे डिस्टिल्ड वॉटर, गंज रोखण्यापुरतं अ‍ॅडिटिव्ह आणि बस. महागड्या रंगीत बाटल्या घेऊ नका.

आता कौतुक, कारण ते खरंच करायला हवं. कूलर बसल्यावर बूस्टचा, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेल्या दाबाचा, काटा आधीपेक्षा खाली आला. मी तावातावाने फोन लावला, की गळती आहे. त्यांनी शांतपणे समजावलं आणि ते पटलं. असा सुपरचार्जर दर फेरीला ठरावीक हवा ढकलतो. ती हवा पुढे थंड झाली की आकसते, म्हणून मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब कमी दिसतो. हवा तेवढीच किंवा किंचित जास्तच असते, फक्त थंड असते, आणि थंड हवेवर टायमिंग पुढे ठेवता येतं. खरा फायदा तिथे आहे. बूस्टचा आकडा मिरवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. सहाव्या लॅपलाही गाडी पहिल्या लॅपसारखी ओढत होती, आणि या गाडीत मी हे त्याआधी अनुभवलं नव्हतं. लोटसनेही पुढे हाच रस्ता धरला. २०१५ च्या एव्होरा ४०० मध्ये आणि २०१७ च्या एक्सीज कप ४३० मध्ये याच इंजिनावर चार्जकूलर आहे.

डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांवर मी भांडत बसलो नाही. कंपनीचा आकडा क्रँकवरचा (थेट इंजिनाचा), पीएसमध्ये, हवामानासाठी डीआयएन या जर्मन मानकाने दुरुस्त केलेला. मी मोजून घेतला तो चाकांवरचा, बीएचपीमध्ये, एसएई या अमेरिकी मानकाच्या दुरुस्तीचा. नुसत्या पीएस-बीएचपीतच दीडेक टक्क्याचा फरक पडतो, आणि डीआयएनची हवा २० अंशांची तर एसएईची २५ अंशांची. हे दोन कागद शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. एकाच डायनोवर, त्याच पंख्यापुढे, आधीचा आणि नंतरचा आकडा घ्या. माझा फरक मला समाधानकारक वाटला.

तर, पंप. एका दुपारी गाडी सुस्त वाटायला लागली. वाईट नाही, सुस्त. पेट्रोल हलकं असेल म्हणून टाकीतलं पेट्रोल बदललं. हवा दमट आहे म्हणून दुर्लक्ष केलं. शेवटी लॅपटॉप लावून मॅनिफोल्डचं तापमान बघितलं तर ते नव्वदीच्या पुढे. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. पंप चालू असला की आत रिटर्नच्या नळीतून धार पडताना दिसते, पाणी गरगरत असतं. इथे पाणी निपचित, त्यावर धुळीची साय. पंपाला हात लावला, कंप नाही. पंपाला वीज देणाऱ्या रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) सॉकेट खेचून काढला तर पिना हिरव्या झालेल्या. रिले बसवला होता मागच्या चाकाच्या वर, म्हणजे चाक जिथे पाणी उडवतं बरोब्बर तिथे. तो तिथे लावायचं ठरलं तेव्हा मी स्वतः हजर होतो आणि नको म्हणालो होतो, हेही नोंदवून ठेवतो.

कंपनीचं पहिलं उत्तर: ‘तुम्ही पाणी बदलताना हवा राहिली असेल.’ मी मल्टिमीटरचा फोटो पाठवला. दुसरं उत्तर: ‘गाडी प्रेशरने धुता का?’ अहो, धुतो की! मग गाडी काय देव्हाऱ्यात ठेवायची? मग चार दिवस शांतता. मग कुरियरने एक रिले आला. सोबत चिठ्ठी नाही, दिलगिरी नाही, आणि कुरियरचा खर्च माझ्या नावावर. रिले मी अर्थातच त्या जागी बसवला नाही. केबिनच्या बाजूला, कोरड्यात घेतला, सोबत नवा सॉकेट. वायर लागली हातभर.

पण माझं भांडण रिलेशी नाहीच, दिव्याशी आहे. या किटमध्ये मॅनिफोल्डला तापमानाचा सेन्सर आहे. तो ईसीयूला जोडलेला आहे. तापमान वाढलं की मॅप टायमिंग मागे घेतो, म्हणजे ईसीयूला सगळं कळत असतं. गाडीत शिफ्ट लाइट (गिअर बदलायची वेळ सांगणारा दिवा) आहे, इंजिनचा पिवळा दिवा आहे. सेन्सर आहे, मेंदू आहे, दिवा आहे. तिघांची ओळख करून द्यायला मॅपमध्ये काही ओळी पुरल्या असत्या. अमुक तापमान इतके सेकंद टिकलं तर दिवा लाव, संपलं. वेगळा सुटा भाग नको, भोक पाडायला नको, खर्च शून्य. उलट मॅप इतका सभ्य लिहिलाय की गाडी ठोठावत नाही, धूर सोडत नाही, फक्त चूपचाप ताकद कमी करते. इंजिन वाचलं हे चांगलंच झालं, त्याबद्दल मॅप लिहिणाऱ्याला मानतो. पण धोका ओळखून मालकालाच न सांगणं हे कुठलं शहाणपण?

कोणी म्हणेल, पंपाच्या वायरवर छोटा एलईडी लाव. त्याने भागत नाही. पंप जाम झाला किंवा पाण्यात हवा अडकली, तरी वायरीत वीज असतेच आणि एलईडी मजेत जळत राहतो. तापमानावरच दिवा हवा. डोक्यामागे व्ही६ आणि सुपरचार्जरची शिट्टी असताना पंपाचा आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. आता मी दर वेळी निघण्याआधी चावी फिरवतो, मागे जातो, झाकण उघडून धार बघतो, झाकण लावतो आणि मग बसतो. बघणाऱ्याला वाटतं मी गाडीची पूजा करतोय.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन तारे देणार होतो. मग दुरुस्तीनंतर भर उन्हात ट्रॅकवर पूर्ण दिवस काढला. तापमान साठीच्या आसपास खेळत राहिलं, पिटमध्ये दहा मिनिटं उभी करून परत निघालो तरी पहिल्याच लॅपमध्ये खाली आलं. बेल्टची भुकटी नाही, थेंबभर गळती नाही. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना ही गाडी आता जशी उचलते, ते दोन तारे देऊन लिहिणं लबाडी ठरेल. चार देतो. पाचवा दिव्याचा होता.

ज्यांना घ्यायचंय त्यांनी दोन्ही टप्पे एकदमच घ्या, रिलेची जागा बसवायच्या आधीच बदलून मागा, टेन्शनर किटमध्ये येतो का ते लेखी घ्या, आणि मूळ पुली व मूळ मॅप जपून ठेवा. गाडी विकताना पुढचा माणूस आधी तेच विचारतो.

कंपनीला दिव्याचं सविस्तर पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं की कल्पना चांगली आहे, पुढच्या बॅचच्या मॅपमध्ये घालतोय. माझ्या गाडीत कधी, असं विचारलं तर म्हणाले, ‘गाडी घेऊन या, करून देतो.’ न्यायचा-आणायचा खर्च कोणी करायचा, यावर बोलणी अजून चालू आहेत.