लातूरच्या औसा रोडचा ज्युदो क्लास: लेकरांसोबत मी पण सुरू केला, त्याचा अनुभव

आठ महिने झाले आम्हाला इथं जायला लागून म्हणून आता लिहायलेय, पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. घरातून तिघं जातो, मी (वय ४१, शाळेतली लंगडी सोडली तर कुठलाच खेळ कधी खेळले नाही), पोरगी नऊ वर्षांची आणि तिचा भाऊ सहाचा.

पोरीला आधी दुसरीकडं कराटेला घातलं होतं. उघडी फरशी, खाली साधी सतरंजी पण नाही, चाळीस लेकरं आणि एक सर, आणि दर दोन-तीन महिन्याला बेल्टची परीक्षा, तिची फी वेगळी. एक दिवस तिला मोठ्या पोरासमोर उभं केलं, पोटात लाथ बसली, ती रडायली तर रडायचं नाही म्हणून परत तिथंच उभं केलं. घरी आल्यावर ड्रेस कपाटाच्या वरच्या फळीवर फेकला आणि परत त्याचं नाव काढलं नाही. कराटे वाईट असं अजिबात म्हणत नाही मी, लै चांगलं शिकवणारे पण आहेत, पण त्या दिवसापासून कुठल्याही क्लासला गेले की आधी खाली काय अंथरलंय ते बघते.

इथं अख्ख्या हॉलभर ज्युदोच्या गाद्या आहेत, निळ्या आणि पिवळ्या, एकमेकाला घट्ट चिकटवून बसवलेल्या, फट नाही. आणि सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पहिला महिना कुणीच कुणाला पाडणार नाही, आधी पडायला शिकायचं. मला वाटलं त्यात काय शिकायचं. पण तेच सगळ्यात अवघड निघालं बघा.

आधी पाठीवर झोपून, मग उकिडवं बसून आणि शेवटी उभं राहून मागं पडायचं. हनुवटी छातीला लावायची, नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोकं मागं आपटत नाही. हात अंगापासून थोडे लांब ठेवून तळहातानं गादीवर जोरात चापट मारायची, पडल्याचा धक्का सगळ्या हातावर पसरून जातो. हात मागं टेकवायचा नाही, टेकवला की मनगट नाहीतर कोपर जातं. जपानीत याला उकेमी म्हणतात. लेकरं दोन दिवसात धपाधप पडायला लागली, माझं मात्र उकिडवं बसलं की पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या आणि हात आपोआप मागं जायचा. सरांच्या मिसेस, आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणतो, त्या माझ्या मागं बसल्या, माझ्या डोक्याखाली आपला तळहात धरला आणि म्हणल्या, 'डोकं माझ्या हाताला लागू देऊ नका, बाकी कसंही पडा.' वीस-पंचवीस वेळा तरी त्यांचा हात माझ्या डोक्याखाली होता. एकदा पण चिडल्या नाहीत. मग एकदा चापटीचा आवाज आला आणि डोकं लागलंच नाही, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला. चाळिशीतल्या बाईला शिकवायला एवढा धीर कुणाकडं असतो हो.

दुसरी गोष्ट म्हणजे थापटणं. समोरच्यानं दाबून धरलं आणि सहन होईना की त्याच्या अंगावर नाहीतर गादीवर दोनदा थापटायचं, त्यानं त्याच क्षणी सोडायचं, का म्हणून विचारायचं पण नाही. जो सोडत नाही तो त्या दिवशी बाहेर बसतो, मग तो कितीही चांगला खेळणारा असू दे. माझी पोरगी वर्गात कुणी डबा घेतला तरी गप बसणारी. तिसऱ्या महिन्यात एका मोठ्या पोरीनं तिला केसा-गातामेत धरलं, म्हणजे मान आणि हात बगलेत घेऊन छातीवर अख्खा भार, हिचा चेहरा लालबुंद झाला, मी बाकावरून उठलेच होते तेवढ्यात हिनं थापटलं आणि त्या पोरीनं लगेच सोडून 'लागलं का गं' विचारलं. रात्री जेवताना बाकी काही नाही, हेच सांगत होती, मम्मी मी दोनदा थापटलं आणि तिनं सोडलं, मम्मी तिनं लगेच सोडलं. लहान लेकरांना इथं गळा आवळायचे आणि कोपराचे डाव शिकवतच नाहीत, ते पण मला पटलं.

आमच्या मामंजींना हे काही पसंत नव्हतं. ते निलंग्याकडचे, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले, पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचं गाव रामलिंग मुदगड त्यांच्या गावापासून जवळच, त्यामुळं कुस्ती सोडून दुसरं काही त्यांना खेळ वाटतच नाही. एकदा नातवाला सोडायला आले आणि बाकावर बसले. मोठ्या पोरांचा सेओइ-नागे चालला होता, समोरच्याचा हात ओढून, वळून पाठीवर घेऊन पुढं आदळायचं. मामंजी एकदम सरळ बसले, 'अरे ही तर धोबीपछाड!' मग सरांनीच त्यांना बसून समजावलं की यात अंगातला डगला धरून खेळतात, मोठ्या स्पर्धेत हातानं पाय धरायला बंदी आहे, आणि जोरात पाठीवर पाडलं की इप्पोन, कुस्ती तिथंच संपली, नाहीतर खाली वीस सेकंद दाबून धरलं तरी इप्पोन. मामंजी म्हणले म्हणजे चितपटच की. आता सोमवारी तेच सोडायला येतात.

सर लेकरांना अधूनमधून गोष्टी पण सांगतात. जिगोरो कानो नावाचा अंगानं बारका माणूस जुजुत्सू, म्हणजे जपानची जुनी झटापटीची विद्या, शिकला, त्यातले जिवावर बेतणारे डाव सरावातून बाजूला काढले आणि १८८२ ला टोकियोत हे सुरू केलं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युदो १९६४ ला आला आणि बायकांना पदकं मिळायला १९९२ उजाडलं, हे ऐकून मला वाईट वाटलं. पण २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या सुशीला देवी आणि तुलिका मान दोघींनी रौप्य आणलं, एक ४८ किलोत आणि दुसरी ७८ किलोच्या वरच्या गटात. पोरीच्या कपाटावर आता दोघींचे फोटो आहेत. माझं वजन ७४ आहे आणि आधी मला वाटायचं की अशा ठिकाणी आपण दिसू पण नये.

बायकांसाठी मुद्दाम सांगते. बायकांची जोडी बायकांसोबतच लावतात, सरांना पकड दुरुस्त करायची असली की आधी विचारतात. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढाव्याच लागतात, कारण धातू दुसरीच्या अंगात घुसतो. हे ऐकून आमच्यातल्या दोघी पहिल्या दिवशीच परत जायला निघाल्या होत्या. ताईंनी एक स्टीलचा डबा ठेवलाय, प्रत्येकीचं वेगळ्या पुरचुंडीत बांधून त्यात, आणि डबा सगळ्यांच्या समोर स्टुलावर. त्या दोघी अजून येतात.

आता न पटणाऱ्या गोष्टी. वर पत्रे आहेत, एप्रिल-मेमध्ये लातूरच्या उन्हात संध्याकाळी आत उभं राहवत नाही, यावर्षी बॅच सकाळी सहाला केली पण ते मार्चमध्येच करायला पाहिजे होतं, एका लेकराला चक्कर आली तेव्हा जाग आली. पावसाळ्यात गाद्यांना कुबट वास येतो, पुसतात रोज, पण उन्हात काढत नाहीत. बायकांना कपडे बदलायला नुसता पडदा आहे, दार पाहिजे, मी तीनदा सांगितलंय आणि परत सांगणार आहे. उन्हाळी सुट्टीत लेकरांची गर्दी एवढी होते की एका गादीवर चार जोड्या, तेव्हा शिकणं कमी होतं. मोठ्या बायकांची बॅच आठवड्याला दोनच दिवस आहे, बुधवार आणि शनिवार.

फी लेकरांना महिना सहाशे, मोठ्यांना आठशे, एका घरातले तिघं असले तर मिळून सतराशे. ड्रेस मला चौदाशेला पडला, पण तो लगेच घ्यायला लावत नाहीत, पहिले दोन महिने ट्रॅकपँट आणि जाड टीशर्टवर चालतं. बेल्टची परीक्षा वर्षातून दोनदा आणि तयारी नसली तर सर बसूच देत नाहीत. माझा बेल्ट अजून पांढराच आहे, पोरीचा पिवळा झाला.

जायचं असलं तर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला जा, पहिले दोन दिवस पैसे घेत नाहीत. हातापायाची नखं कापून जा, केस रबरानं बांधा, क्लिपा नको. गुडघ्याचं किंवा पाठीचं काही दुखणं असलं तर लाजू नका, ताईंना आधीच सांगा, त्या वहीत लिहून घेतात आणि त्याप्रमाणं शिकवतात. मी खिडकीकडच्या कोपऱ्यात असते, मागं पडायचा सराव अजून दर वेळी करते.