लीज अँड लीफ : सहा जणांची एकुलती एक तबकडी

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडची ‘लीज अँड लीफ’ ही तबकडी डिसेंबर १९६९ मध्ये विक्रीस आली, तेव्हा ती वाजवणारे सहा जण एकत्र उरलेच नव्हते. गायिका सँडी डेनी आणि बेस गिटार वाजवणारे अ‍ॅशली हचिंग्ज हे दोघेही नोव्हेंबरमध्येच बाहेर पडले होते. उन्हाळ्यात जुळलेला संच हिवाळा लागता लागता मोडला आणि त्याच्या नावावर ही एवढी एकच तबकडी राहिली. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी तिला आजवरची सर्वांत प्रभावी फोक, म्हणजे लोकसंगीताची, तबकडी ठरवले, त्यामुळे तिच्याकडे आता देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखे पाहिले जाते. मला मात्र ती दर वेळी अर्ध्यावर थांबलेल्या बोलण्यासारखी वाटते, आणि तिची गोडीही त्यातच आहे असे माझे मत आहे.

हा संच कसा जमला हे ठाऊक असेल, तर तबकडी अधिक उलगडते. लंडनच्या मझवेल हिल भागात बँडचे एक गिटारवादक सायमन निकोल यांच्या घराचे नाव ‘फेअरपोर्ट’ होते; तिथे तालमी होत, म्हणून बँडला ते नाव पडले. २७ मे १९६७ रोजी गोल्डर्स ग्रीन येथील एका चर्चच्या सभागृहात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. श्रोत्यांत बसलेल्या मार्टिन लँबल या मुलाने आपण याहून चांगले ड्रम वाजवू, असे त्यांना पटवून दिले आणि पहिल्याच कार्यक्रमानंतर ड्रमवरचा माणूस बदलला. पुढे गायिका जूडी डायबल गेल्या आणि १९६८ मध्ये त्यांच्या जागी सँडी डेनी आल्या. तोवर अमेरिकन वळणाची गाणी गाणाऱ्या या मंडळींना त्यांनी इंग्लंडच्या जुन्या गाण्यांची चव लावली.

१२ मे १९६९ च्या पहाटे कार्यक्रमाहून परतताना एम-१ महामार्गावर बँडच्या गाडीला अपघात झाला. त्यात एकोणीस वर्षांचा लँबल आणि बँडचे गिटारवादक रिचर्ड थॉम्प्सन यांची मैत्रीण जिनी फ्रँकलिन यांचा मृत्यू झाला. उरलेल्यांपुढे दोनच वाटा होत्या : बँड मोडणे किंवा सगळे नव्याने मांडणे. लँबलसोबत बसवलेली जुनी गाणी पुन्हा वाजवायची नाहीत, असे त्यांनी ठरवले. डेव्ह मॅटॅक्स हे नाचाच्या बँडमध्ये तयार झालेले ड्रमवादक आले; आधीच्या तबकडीवर पाहुणे म्हणून वाजवलेले व्हायोलिनवादक डेव्ह स्वारब्रिक आता कायमचे आले. निर्माते जो बॉइड यांच्या पाठबळावर विंचेस्टरजवळच्या फार्ली चेंबरलेन येथील एका घरात उन्हाळाभर तालमी झाल्या. हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाऊस या इंग्लिश लोकसंगीताच्या केंद्रातल्या संग्रहांत शिरून जुनी गाणी शोधत राहिले.

आठ रचनांतल्या पाच परंपरेतून आलेल्या आहेत. त्यांतली मी सर्वाधिक वेळा ऐकलेली रचना म्हणजे ‘मॅटी ग्रोव्ह्ज’. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकन अभ्यासकांनी संपादित केलेल्या ३०५ कथागीतांच्या संग्रहात तिचा क्रमांक ८१ आहे. सरदाराची बायको एका साध्या तरुणाला घरी बोलावते. नोकर धन्याला वर्दी द्यायला धावतो आणि वाटेत ओढा लागला, की जोडे काढून पोहत पलीकडे जातो. सरदार येऊन बिछान्याच्या पायथ्याशी उभा राहतो आणि गादी कशी वाटली, चादरी कशा वाटल्या, असे अगदी यजमानासारखे विचारतो. दोन खून पडल्यावर दोघांना एकाच खड्ड्यात पुरायचा हुकूम निघतो. पण बाईला वर ठेवा, ती थोर घराण्यातली, एवढी सूचना तो विसरत नाही. आपला शाहीर अशा जागी आवाज चढवील, डफावर थाप देईल. डेनी यांच्या आवाजात कुठेही रेघ बदलत नाही. मारणारा, मरणारा आणि वर्दी देणारा हे सगळे त्या एकाच सुरात बोलतात, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. कथा संपताच गाणे मागे पडते आणि थॉम्प्सन यांची गिटार व स्वारब्रिक यांचे विजेवरचे व्हायोलिन तीनेक मिनिटे एकमेकांच्या मागे धावतात. डेनी यांनी जे आवरून धरले होते, ते इथे सुटते.

‘टॅम लिन’ हे दुसरे मोठे कथागीत आहे. परीराणीच्या ताब्यातल्या प्रियकराला सोडवायचे, तर तो हातांत नाना रूपे घेत असताना त्याला सोडायचे नाही, अशी त्यातली अट आहे. इथे खरे कौतुक मॅटॅक्स यांचे. ठोका जिथे पडेलसा वाटतो तिथे तो पडत नाही, तरी चाल कुठे अडखळत नाही. जुन्या गाण्यांखाली सरसकट रॉकचा ठेका टाकण्याची चूक पुढे अनेक बँडनी केली. ती इथे झालेली नाही, याचे श्रेय बहुतांशी त्यांना द्यावे लागेल.

सगळेच सारखे उतरले आहे असे नाही. सुरुवातीचे ‘कम ऑल यी’ हे बँडची ओळख करून देण्यासाठी रचलेले गाणे मला नेहमीच थोडे ओढूनताणून केलेले वाटते. नृत्याच्या चालींची मालिका स्वारब्रिक यांच्या बोटांची करामत दाखवते, पण तिथे बाकीचे पाच जण त्यांच्यामागे पळताना ऐकू येतात. याउलट थॉम्प्सन यांनी जुन्या चालीवर शब्द बांधलेले ‘फेअरवेल, फेअरवेल’ तीन मिनिटांच्या आत संपते. त्यात अपघाताचा उल्लेख नाही, पण तो माहीत असणाऱ्याला ते गाणे सहज ऐकवत नाही.

शक्य असेल त्याने एलपीच घ्यावी. तिचे वेष्टन उघडले, की आत इंग्लिश लोकपरंपरेवरची छोटी चित्रे आणि टिपणे आहेत. सीडीच्या आकारात ती वाचताना डोळे ताणावे लागतात. २००२ च्या सीडीला मात्र एक मोठी जमेची बाजू आहे. शेवटी जोडलेल्या दोन रचनांत, एरवी मला अशी शेपटे नकोशी वाटतात, ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ हे बुडालेल्या जहाजाचे गीत डेनी यांच्या आवाजात आहे. हेच गीत १९७० च्या ‘फुल हाऊस’ या तबकडीवरही आहे. तोवर बेसवर डेव्ह पेग आले होते आणि बँडमध्ये बाई उरली नव्हती. दोन्ही पाठोपाठ ऐकावीत. पुरुषांच्या गळ्यात ते नावाड्यांचे गाणे होते आणि जोर धरते. डेनी यांच्याकडे ते काठावर वाट पाहणाऱ्यांचे राहते. एक आवाज गेल्याने गाण्यातली उभी राहण्याची जागाच बदलते, हे इतके स्पष्ट मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

पुढचे येणेजाणे तर मोजता मोजता दमायला होते. १९७१ च्या सुरुवातीला थॉम्प्सन गेले, वर्षअखेरीस निकोलही गेले आणि संस्थापकांपैकी एकही जण नसलेला बँड त्याच नावाने वाजवत राहिला. डेनी मध्यंतरी परतल्या, पुन्हा गेल्या आणि १९७८ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारल्या. ४ ऑगस्ट १९७९ रोजी क्रॉप्रेडी गावात निरोपाचा कार्यक्रम झाला. निरोप कसला, पुढल्या वर्षापासून तिथे दर उन्हाळ्यात पुनर्मीलन होऊ लागले. २००७ मध्ये त्याच मैदानावर या तबकडीचे उरलेले पाचही वादक एकत्र आले आणि त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. डेनी यांच्या जागी क्रिस व्हाइल गायल्या.