५५ इंची टीव्हीसाठी डीव्हीडी प्लेअर: तीन यंत्रं लावून पाहिली

टीव्ही भिंतीवर चढला त्या संध्याकाळी मी सगळ्यात आधी लावली ती मुलीच्या शाळेतल्या नाटकाची डीव्हीडी. जुन्या २१ इंची टीव्हीवर ती आम्ही इतक्यांदा पाहिली आहे की संवाद पाठ आहेत. ५५ इंचांवर मात्र मुलीचा चेहराच नीट दिसेना. नाकडोळे पुसट, कडा थरथरणाऱ्या, तिच्या लाल झग्याचा रंग शेजारच्या मुलाच्या बाहीवर उतरलेला. नवरा म्हणाला, डिस्क गेली. मला ते पटेना, कारण आदल्याच आठवड्यात ती छान दिसली होती.

डिस्क ठणठणीत होती. डीव्हीडीवरचं चित्र मुळात ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम चार लाख. माझा टीव्ही ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. एका ठिपक्याच्या जागी वीस भरायचे, आणि पडदाही जुन्याच्या सहापट मोठा. हे भरण्याचं काम कोण करतं आणि कसं करतं, यावरच सगळं अवलंबून आहे. प्लेअर घेताना खरा प्रश्न हाच.

जुना प्लेअर मी पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडला होता. त्या एकट्या पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात, टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात, आणि तिथेच लाल रंग बाहीवर सांडतो. शिवाय प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार अजून ४:३ च, म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीचा होता. त्यामुळे रुंद पडद्यासाठी बनवलेल्या सिनेमांना वरखाली काळे पट्टे लागून ५७६ ओळींपैकी ४३२ च टीव्हीपर्यंत पोचत होत्या, आणि आम्ही त्याच झूम करून पाहत होतो. सेटिंग रुंद टीव्हीचं, १६:९ केल्यावर सिनेमे लगेच सुधारले. नवं काही विकत घेण्याआधी हे एकदा तपासाच.

दुसरं यंत्र भाच्याकडून आणलेलं, एचडीएमआयवालं, वजनाला अगदी हलकं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१०८०पी’, म्हणजे चित्र १०८० ओळींपर्यंत वाढवून देतो. रंग एकदम स्वच्छ झाले, झगा झग्यापुरता राहिला. पण मुलं रंगमंचावर धावू लागली की हातापायांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा. हे मला शोधावं लागलं. कॅमेऱ्याने ते नाटक सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांत टिपलं आहे, एकदा विषम ओळी, एकदा सम. धावणारा मुलगा दोन अर्ध्यांच्या मधल्या काळात पुढे सरकलेला असतो. ती दोन अर्धी नुसती एकमेकांत बसवली की दाते दिसतात. सिनेमाच्या डिस्कवर दोन्ही अर्धी बहुधा एकाच फ्रेमची असतात, म्हणून तिथे त्याच प्लेअरने काही त्रास दिला नाही. म्हणजे दुकानात सिनेमा लावून दाखवला तर हा दोष कळणारच नाही. घरच्या कार्यक्रमाची, हालचाल असलेली डिस्क सोबत न्या.

मग प्लेअरचं आउटपुट १०८०पी वरून ५७६आय वर आणायला गेले, म्हणजे चित्र जसंच्या तसं टीव्हीला द्यायचं आणि पुढचं त्याच्यावर सोपवायचं. या प्लेअरला ५७६आय जमत नव्हतं, ५७६पी पासून, म्हणजे दोन अर्धी आधीच जोडलेल्या चित्रापासून पुढेच होतं. दाते तयार झाल्यावर टीव्ही तरी काय करणार!

तिसरा, म्हणजे मी घेतलेला, ब्लू-रे प्लेअर, डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त बारकाव्याच्या डिस्क वाचणारा. डीव्हीडीसाठी ब्लू-रे कशाला, असं मलाही वाटलं होतं. त्यात दोन्हींसाठी वेगळे लेझर असतात, ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल, त्यामुळे जुन्या डिस्क बिनतक्रार चालतात. चित्र मोठं करण्याचं काम तो मन लावून करतो. धावणाऱ्या मुलांचे हात स्वच्छ, झग्याची झालर मोजता येईल अशी. पहिल्या रांगेतली बाई पदराने डोळे टिपते आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. ती माझी आई आहे.

तक्रारी आहेत. चालू व्हायला वेळ घेतो. दर्शनी बाजूला वेळ दाखवणारा डिस्प्ले नाही. मागे एचडीएमआय सोडून आवाजासाठी दुसरं भोक नाही, जुना अँप्लिफायर असेल तर ऑप्टिकल आउट, म्हणजे प्रकाशाच्या वायरीने आवाज बाहेर काढणारं भोक, आहे का ते आधी बघा. परदेशातून आलेल्या माझ्या दोन डिस्क त्याने रीजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारी खूण, दाखवून परत केल्या. जुना प्लेअर त्या मुकाट लावायचा.

आणि टीव्हीचंही थोडं. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. डीव्हीडीवर तो वाढवला की चेहऱ्यांभोवती पांढरी किनार येते आणि डिस्कवरच्या चित्रातला खरखरीतपणा उठून दिसतो. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग मी सिनेमांसाठी बंद ठेवते. सोफाही हातभर मागे सरकवला, त्याने जो फरक पडला तो कुठल्याही सेटिंगने पडला नव्हता.

ब्लू-रेच्या दर्जाचं चित्र डीव्हीडीतून निघत नाही, कितीही चांगला प्लेअर घ्या. पण जे डिस्कवर आहे ते पूर्ण बाहेर येतं, आणि मला तेवढंच हवं होतं. जुना प्लेअर मात्र अजून पिवळ्या वायरीसकट खालच्या खणात आहे. नाटकाच्या दुसऱ्या डिस्कवरची शेवटची सात मिनिटं नव्यात अडकतात, त्याच्यात सुरळीत चालतात. त्या डिस्कची प्रत काढून होईपर्यंत तो तिथेच राहील.