लाजऱ्या माशांसाठी आडोसा: पुण्यात काय घ्यावं, काय सोडावं

कुहली लोच, ब्रिसलनोज प्लेको, ॲपिस्टोग्रामा, क्रिबेन्सिस, झेब्रा लोच. यांतलं काहीही घरी आणलं की आठवड्याभरात एकच तक्रार ऐकू येते: मासा दिसतच नाही. मग दिसावा म्हणून टाकी मोकळी केली जाते, आडोसे काढले जातात आणि मासा हिटरच्या मागे अंग चोरून बसतो. जवळपास लपायला जागा आहे याची खात्री असेल, तरच लाजरा मासा उघड्यावर येतो. म्हणून पुण्यात सहज मिळणाऱ्या आडोशांची इथली पारख एकाच कसोटीवर आहे: मासा त्यात शिरतो का आणि तिथून निर्धास्त बाहेर येतो का.

तळाशी राहणाऱ्या बहुतेक माशांना अंग भिंतीला टेकलेलं लागतं. प्रशस्त, पोकळ गुहा आपल्याला आवडते, पण त्यांना ती उघड्या मैदानासारखीच वाटते. आत अंधार हवा, पाणी मात्र खेळतं हवं, कारण शेवाळ, विष्ठा आणि उरलेलं खाणं तिथेच साचतं. खरेदीला निघण्याआधी माशाची पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी माहीत करून घ्यावी. दुकानातलं दीड इंचाचं ब्रिसलनोज पुढे चार-पाच इंचांचं होतं.

कुठल्याही दुकानात आधी पुढे केला जातो तो रेझिनचा माल: गड, फुटकं जहाज, कवटी, बुरुज. यातलं बरंचसं नको. शंका असेल तर वस्तू दुकानातच उलटी करून पाहावी. तळ बंद आणि आत पोकळ असेल, तर खिडकीतून आत गेलेली घाण बाहेर येत नाही. तिथे पाणी फिरत नाही, ऑक्सिजन संपतो आणि दोन-तीन महिन्यांनी वस्तू उचलली की खालची वाळू काळी पडलेली आणि सडक्या अंड्यांचा वास, असा प्रकार होतो. मग खिडक्यांच्या आतल्या कडांवरून बोट फिरवावं. साच्याचे काटे बहुतेक वेळा आतल्या बाजूला राहिलेले असतात. बेट्टासारख्या लांब परांच्या माशासाठी घेत असाल तर जुनी नायलॉनची ओढणी त्यावरून ओढून पाहावी. धागा जिथे अडकतो तिथेच पर फाटतात. रंग नखाने खरवडून निघत असेल तर वस्तू परत ठेवावी. भोकांचं मापही पाहावं. त्यातून मासा सहज आरपार गेला पाहिजे, नाहीतर त्याचं डोकंसुद्धा आत जाता कामा नये. अर्धवट मापाच्या भोकात मासा अडकतो आणि मागे सरकताना कल्ले, खवले सोलून घेतो. रेझिनच घ्यायचं तर एकाच मातकट रंगाचा, तळ उघडा असलेला ओंडका घ्यावा. तो वाळूत अर्धा इंच रुतवला की काम चोख होतं.

या यादीत सगळ्यात वरचा क्रमांक मातीच्या भांड्यांचा. कसबा पेठेतला कुंभारवाडा किंवा मुंढवा-केशवनगरचे कुंभार, दोन्हीकडे छोट्या कुंड्या आणि बोळकी मिळतात आणि संक्रांतीच्या आधी सुगडं ढिगाने येतात. ॲपिस्टो किंवा क्रिबेन्सिसच्या जोडीला आडवं ठेवलेलं सुगड मापात बसतं: तोंड लहान, पोट मोठं, आत अंधार. या माशांची मादी अंडी गुहेच्या छताला चिकटवते, त्यामुळे आतली गोलाई तिच्या उपयोगाची. तोंड फार रुंद असेल तर ते वाळूने अर्धं बुजवावं. तळाला बोटभर वाळू ठेवली की मादी दार स्वतःच्या मापाचं करून घेते.

पण मातीचं भांडं निवडताना डोळसपणा हवा. गेरू फासलेलं किंवा ऑइलपेंट दिलेलं भांडं नको. गेरू पाण्यात सुटत राहतो आणि पेंटचे पापुद्रे निघतात. भाजणी नीट झाली आहे का, हे टिचकी मारून कळतं. खणखणीत आवाज आला तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं. घरी आणल्यावर रात्रभर बादलीत बुडवावं आणि सकाळी अंगठा घासून पाहावा. अंगठ्याला लाल चिखल लागला तर ते महिन्याभरात कडांनी झिजायला लागेल. हळदीकुंकू लागलेली जुनी सुगडं आणि चहा पिऊन झालेले कुल्हड वापरू नयेत. सच्छिद्र मातीत दूध मुरतं, मग टाकीत त्यावर पांढरी बुरशी धरते आणि पाणी गढूळ होतं.

कुंडी आडवी ठेवण्याऐवजी पालथी घालून बाजूला दार पाडलं, तर प्लेकोसाठी आणि झेब्रा लोचसाठी ती जास्त चांगली. त्यासाठी कुंडी पाण्यात चार-पाच तास भिजू द्यावी. कोरड्या मातीला तडा लवकर जातो. ड्रिलला ६ मिलिमीटरचं मॅसनरी बिट लावून, हॅमर मोड बंद ठेवून, हलक्या हाताने ओळीने भोकं पाडावीत आणि मधला भाग कानशीने काढावा. दार पाडून झालं की कडा ८० नंबरच्या पॉलिशपेपरने गोल कराव्यात. तळाचं पाणी जायचं भोक आता वर येतं. ते बुजवू नये, पाणी तिथूनच खेळतं. मात्र त्यात मासा अडकेल अशी शंका असेल तर त्यावर जावा मॉस या पाणवनस्पतीचा गुच्छ बांधावा.

दुसरा क्रमांक पीव्हीसी पाईपचा. दिसायला साधा, पण मासे त्यावर खूश. बोहरी आळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात उरलेले तुकडे किरकोळीत मिळतात. पाईपवर 'लेड-फ्री' छापलेलं पाहून घ्यावं. कुहली लोचसाठी पाऊण इंची पाईपचे सहा इंची तुकडे, दोन्ही तोंडं उघडी. कुहली कळपाने एकाच नळीत घुसतात, तेव्हा सहा लोचना असे तीन तुकडे पुरतात. झेब्रा लोचसाठी एक इंची. ब्रिसलनोज वयात येईपर्यंत दीड इंची, पूर्ण वाढलेल्याला दोन इंची, लांबी पाच-सहा इंच आणि मागचं तोंड बंद. ते बंद करायला एंड कॅप नुसती दाबून बसवावी; सॉल्व्हंट सिमेंट लावायचं काहीच कारण नाही. प्लेकोचा नर गुहेत अंडी राखतो आणि स्वतःच्या अंगाने दार अडवतो, म्हणून त्याला ऐसपैस नळी देऊन उपयोग नसतो.

पांढऱ्या पाईपचा दोष म्हणजे तो आतून उजळ राहतो आणि टाकीत डोळ्याला खुपतो. बाहेरून पॉलिशपेपरने खरखरीत करून त्यावर सिलिकॉनचा पातळ थर द्यावा आणि धुऊन वाळवलेल्या वाळूत घोळवावा. गुळगुळीत पीव्हीसीवर सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे घासायची पायरी टाळू नये. सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध, व्हिनेगरसारखा वास येणारं घ्यावं. बाथरूमसाठीचं अँटीफंगल सिलिकॉन माशांना घातक असतं. ४८ तास सुकू द्यावं, मग एक दिवस पाण्यात ठेवून ते पाणी फेकावं.

करवंटी चांगली, फक्त त्यात खोबऱ्याचा कण राहता कामा नये, नाहीतर ते सडतं. अर्धा तास उकळून पाणी बदलावं, असं दोन-तीनदा. शेंड्या ठेवल्या तर त्यांवर सूक्ष्मजीवांचा थर येतो आणि पिल्लं त्यावर चरतात.

दगडांच्या बाबतीत पुण्यातल्या घरांत एक चूक हमखास होते: घरकामातून उरलेल्या शहाबादी किंवा कडप्प्याच्या तुकड्याचं छप्पर करून गुहा रचली जाते. हे दोन्ही चुनखडीचे दगड. ते पाण्यात हळूहळू विरघळतात आणि पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त करत जातात. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना ते मानवतं, ॲपिस्टोला नाही. वाघोलीसारख्या भागात बोअरचं किंवा टँकरचं, आधीच जड पाणी वापरत असाल तर त्यात ही आणखी भर कशाला? कुठल्याही दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावेत. बुडबुडे आले तर बाजूला. आपला काळा पाषाण निर्धोक असतो, पण त्यातल्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे खडे असतात आणि त्यांतले काही कॅल्साइटचे निघतात, म्हणून थेंब नेमके त्या पांढऱ्या भागावर टाकावेत. मुठेच्या शहरातल्या पात्रातला दगड आणू नये, त्यात सांडपाणी मुरलेलं असतं. दगड उकळूही नयेत. आतल्या पोकळीतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. कडक ब्रशने घासून ऊन पाण्याने धुतला की झालं. रचताना तळाच्या काचेवर पातळ फोम किंवा प्लास्टिकची जाळी पसरून खालचे दगड त्यावर टेकवावेत आणि वाळू नंतर ओतावी. वाळूवर रचलेली गुहा मासे खालून उकरतात आणि ती त्यांच्याच अंगावर कोसळते.

ड्रिफ्टवुड किलोवर मिळतं आणि महाग पडतं. फांद्या-फांद्यांचं घेतलं तर सावली देतं, पण बिळाची गरज भागवत नाही. आठवडा ते तीन आठवडे बुडवून ठेवावं लागतं आणि सुरुवातीला त्यावर येणारा पांढरा चिकट थर निरुपद्रवी असतो. ऑनलाइन मिळणाऱ्या सिरॅमिकच्या प्लेको-गुहा मापाला अचूक असतात, पण फक्त एकाच जातीची वीण करायची असेल तरच त्यावर पैसे घालावेत.

याउलट देशी बदामाची पानं फुकट मिळतात. पुण्यातल्या सोसायट्यांत ही झाडं भरपूर आहेत, हिवाळ्यात पानं लाल होऊन गळतात. फवारणी न झालेल्या आवारातली, पूर्ण वाळलेली तपकिरी पानं घ्यावीत, धुवावीत आणि वीस-तीस लिटरला एक या हिशेबाने टाकावीत. पाणी चहासारखं होतं, उजेड मंदावतो आणि कुहली त्या पानांखाली बिनधास्त फिरते. तीन-चार आठवड्यांत नुसत्या शिरा उरतात, तेव्हा नवीन पान टाकावं.

आता मांडणी. २४×१२×१२ इंचांची टाकी धरली, तर तिच्यात भरल्यावर साधारण पन्नास लिटर पाणी राहतं. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून काळ्या कार्डशीटने झाकाव्यात. तिन्ही बाजूंनी माणसांची हालचाल दिसत असेल तर कुठलीच गुहा पुरत नाही. हॉलमधलं दार आणि टीव्ही ज्या कोपऱ्याजवळ आहे, त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात मुख्य आडोसा ठेवावा. दारं समोरच्या काचेकडे सरळ नकोत, तिरकी असावीत, म्हणजे मासा आतून बाहेर पाहू शकतो पण स्वतः उघडा पडत नाही. दोन गुहांची तोंडं एकमेकांसमोर ठेवली तर नर दिवसभर एकमेकांवर धावतात. मध्ये लाकूड किंवा झाडांची उभी रांग लावून नजर तोडावी. आडोसे माशांच्या संख्येपेक्षा एखाद-दुसरा जास्त ठेवावा. एकाच गुहेवरून भांडण झालं की हरलेला मासा हिटरला चिकटतो आणि भाजतो, म्हणून प्लेकोच्या टाकीत हिटरला जाळीचं आवरण लावावंच.

पुढचा तिसरा भाग मोकळा वाळूचा ठेवावा, पण गुहेपासून तिथपर्यंत सावलीची वाट हवी: मधे एक पान, एक मुळी, एक लहान दगड. वर पिस्टिया किंवा साल्व्हिनिया या तरंगत्या वनस्पतींनी निम्मा पृष्ठभाग झाकू द्यावा. एलईडी सहा तास पुरे. पहिले दोन आठवडे काहीही उचलून 'आहे का' बघू नये. दिवे मालवल्यावर बुडणारी गोळी गुहेच्या तोंडाशी टाकावी आणि रोज दोन बोटं पुढे सरकवावी. वरच्या थरात सात-आठ हार्लेक्विन रासबोरा असल्या तर त्यांना निवांत फिरताना पाहून खालचे मासे लवकर बाहेर येतात. तरीही मासा आतच असेल आणि कल्ले जोरात हलत असतील, तर तो लाजतो आहे असं समजू नये. विष्ठा आणि सडक्या खाण्यातून पाण्यात साचणारा विषारी अमोनिया तपासावा, पाणी बदलावं.

झेब्रा लोचबद्दल एक वेगळी विनंती. हा बोटिया स्ट्रायाटा आपल्याच पश्चिम घाटातला, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त. नवा विकत घेण्याऐवजी कुणी द्यायला काढलेले लोच घ्यावेत, आणि घेतले तर पाच-सहांच्या गटानेच ठेवावेत. त्यांना पकडायला जाळं वापरू नये: डोळ्याखाली उभारता येणारा काटा असतो, तो जाळीत गुंततो आणि सोडवताना मासा जखमी होतो. लोच पाईपमध्ये शिरला की पाण्याखालीच दोन्ही तोंडांवर तळवे दाबावेत आणि पाईपसकट उचलून बादलीत सोडावा.