काळजीखोर मनासाठी आठ आठवडे : नौपाड्यातील एक अभ्यासवर्ग

‘इतका विचार करू नकोस’ हा सल्ला घरीदारी फुकट मिळतो आणि काळजी करण्याची सवय जडलेल्या माणसाला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. असे सल्ले ऐकून कंटाळलेल्यांनी ठाण्यात नौपाड्यातील एका समुपदेशन केंद्राचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग जरूर विचारात घ्यावा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या ताणनिवारण कार्यक्रमावर तो बेतलेला आहे. आठ आठवडे दर आठवड्याला एक सत्र, रोजचा घरचा सराव आणि मध्ये एक दिवसभराचे मौन, असे त्याचे स्वरूप आहे.

वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी, की तो मनःशांतीचे आश्वासन देत नाही. चिंतेचा विचार हाकलून लावायचा प्रयत्न केला की तो अधिक जोमाने परत येतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधील प्रयोगाच्या आधारे प्रशिक्षिका आरंभीच समजावून सांगतात. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे बजावलेल्या माणसांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येतच राहिले होते. म्हणून येथे विचार थांबवण्याऐवजी तो आला आहे एवढे ओळखून आणि स्वीकारून, जे समोर आहे त्याकडे लक्ष परत आणण्याचा सराव करून घेतला जातो.

त्याची सुरुवात होते एका बेदाण्यापासून. तो तळहातावर घ्यायचा, उजेडाकडे धरून त्याच्या सुरकुत्या आणि देठाजवळचा बारीक खड्डा पाहायचा, कानाशी नेऊन हलकेच दाबायचा, मग जिभेवर ठेवून दात न लावता थांबायचे. तासगावचे बेदाणे मुठीने खाणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रकार काहीसा हास्यास्पद वाटतो आणि वर्गातही खसखस पिकली. परंतु चावण्याआधीच तोंडाला सुटलेले पाणी जाणवते तेव्हा आपण एरवी किती घाईने पुढच्या क्षणाकडे पळत असतो, हे निराळे सांगावे लागत नाही.

वर्गाची खोली रस्त्याच्या बाजूला आहे आणि रिक्षांचे हॉर्न अखंड ऐकू येतात. खिडकी बंद करण्याची विनंती प्रशिक्षिकांनी शांतपणे नाकारली. हॉर्न ऐकू आला, त्यामागोमाग चीड आली, दोन्हींची नोंद घ्या आणि श्वासाकडे परत या, असे त्यांनी सांगितले. हेच पुढे विचारांनाही लागू केले जाते. ‘मुलगी फोन उचलत नाही, म्हणजे काहीतरी विपरीत घडले’ या वाक्याच्या जागी ‘मुलगी फोन उचलत नाही आणि काहीतरी विपरीत घडले असावे, असा विचार माझ्या मनात आला आहे’ असे म्हणून पाहायचे. फरक लहान दिसतो, पण पहिल्या वाक्यानंतर पाय आपोआप येरझाऱ्या घालू लागतात आणि दुसऱ्यानंतर माणूस निदान हातातली पोळी लाटून संपवतो.

‘स्वीकार म्हणजे हात जोडून गप्प बसणे का?’ हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे निघालाच. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात अडकलेल्या एका गृहस्थांनी, विकासकाने घरभाडे थकवले आहे तेही स्वीकारायचे का, असे जरा तिरकसपणेच विचारले. भाडे आलेले नाही आणि त्यामुळे छातीवर दडपण आले आहे, एवढेच आत्ता मान्य करायचे, आणि मग सोसायटीच्या समितीला पत्र लिहायला बसायचे, हे प्रशिक्षिकांचे उत्तर मला संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाचे वाटले. रात्रभर मनात तेच पत्र घोळवणारा माणूस पुष्कळदा सकाळी ते लिहीत नाही.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘जामा सायकायट्री’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा आठ आठवड्यांचा कार्यक्रम एसिटॅलोप्रॅम या नेहमीच्या औषधापेक्षा कमी ठरला नाही. मात्र त्यावरून कोणी चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नये, हे केंद्राने पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायला हवे होते. ते सांगितले गेले नाही. प्रवेशापूर्वी व्यक्तिगत चौकशीही झाली नाही. जुना आघात सोसलेल्या माणसाला डोळे मिटून शरीराकडे लक्ष देणे असह्य होऊ शकते, त्यामुळे ही त्रुटी मी गंभीर मानतो.

घरच्या सरावासाठी दिलेल्या ध्वनिफितींतील मराठी फीत फारच त्रोटक आहे आणि मोठी फीत हिंदीत आहे. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांना कोंडीमुळे उशीर होतो, तेव्हा त्यांनी सुट्टीच्या सकाळची तुकडी घ्यावी. रोज अर्धा-पाऊण तास सरावाला देणे शक्य नसेल, तर शुल्क भरण्याची घाई करू नये. ज्यांची झोप, भूक किंवा कामावर जाणेच चिंतेमुळे बंद पडले आहे, त्यांनी आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे; १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावरही निःशुल्क बोलता येते.