रास्पबेरी पाय ४ : आठ महिने वापरल्यानंतर, आणि वॉरंटीच्या दोन फेऱ्यांनंतर

बोर्ड दुसऱ्यांदा वॉरंटीतून परत आला आणि सोबत पुन्हा तीच चिठ्ठी : ‘दोष आढळला नाही.’ त्या दिवशी विक्रेत्याशी फोनवर चांगलंच वाजलं. रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर बसवलेला संगणक. ४ जीबीचा हा पाय माझ्याकडे फाइल सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू असतो. पाचव्या महिन्यात त्याला एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) जोडली आणि तेव्हापासून रात्रीचा बॅकअप सुरू झाला की एसएसडी मध्येच गायब व्हायची. कधी कधी सगळंच गोठायचं. सकाळी वायर काढून परत लावली की दिवसभर काही तक्रार नाही.

आधी ज्यावर सिस्टिम असते त्या मेमरी कार्डावर संशय घेतला. नवं कार्ड घातलं, सिस्टिम नव्याने टाकली, फरक शून्य. मग तापमान पाहिलं. हा बोर्ड ८० अंशांच्या पुढे स्वतःच वेग कमी करतो, पण माझा ६२ च्या वर गेलाच नव्हता. रॅम तपासणारा मेमटेस्टर रात्रभर चालवला, रॅममध्ये एकही चूक निघाली नाही. शेवटी मल्टिमीटर लावला : ४.९७ व्होल्ट. म्हणजे पुरवठा ठीक, म्हणजे बोर्डच खराब. विक्रेत्यावरचा माझा सगळा राग या ४.९७ वर उभा होता.

तो आकडा खरा होता, पण मी तो बोर्ड रिकामा बसलेला असताना घेतला होता. दुसऱ्यांदा मोजताना प्रोसेसरच्या चारही कोअरवर स्ट्रेस-एनजी हा मुद्दाम ताण देणारा प्रोग्राम चालवला आणि सोबत एसएसडीवर मोठी फाइल कॉपी करत ठेवली. ४.५८! कमी व्होल्टेजचा इशारा ४.६३ च्या आसपास येतो. हिशोब साधा आहे. केबलच्या जाण्यायेण्याच्या तारांचा मिळून रोध ०.२ ओहम धरला, तर बोर्ड रिकामा असतानाच्या ०.६ अँपिअरला ०.१२ व्होल्टच जातात आणि ताणाखालच्या २.५ अँपिअरला थेट अर्धा व्होल्ट. माझी केबल जुन्या मोबाइलची, दोन मीटर लांब आणि बारीक. हाताशी चांगली चालणारी केबल असताना नवी कशाला घ्यायची, म्हणून तीच लावली होती. अधिकृत अ‍ॅडॉप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्टचा आणि केबल कायमची जोडलेली का असतो, ते आता कळतं.

मोजणार असाल तर एक गोष्ट जपा. बोर्डावरच्या पिनांपैकी पिन २ वर ५ व्होल्ट असतात आणि तिला लागूनच पिन १ वर ३.३. प्रोबचं टोक घसरून त्या दोन जोडल्या गेल्या तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. मी पिन ४ (५ व्होल्ट) आणि ६ (ग्राउंड) ला जंपर वायरी लावून मोजमाप बोर्डापासून लांब घेतलं.

मल्टिमीटर नसला तरी चालेल. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्या. माझ्याकडे ०एक्स५०००५ (0x50005) आलं. शेवटचा ५ म्हणजे या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि वेग दाबलेला आहे, आधीचा, डावीकडचा ५ म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून हे कधीतरी घडून गेलंय. हा डावीकडचा आकडा रीबूट केला की पुसला जातो. मी रोज सकाळी वायर काढून नेमका तोच पुरावा मिटवत होतो, याचं मला अजून वाईट वाटतं. स्क्रीन जोडलेली असती तर विजेचं पिवळं चिन्ह दिसलं असतं, पण सर्व्हरला स्क्रीन कोण लावतं? तेव्हा बोर्ड अडखळला की रीबूटच्या आधी ही आज्ञा द्या. पूर्णच गोठत असेल तर दर मिनिटाला तिचं उत्तर फाइलमध्ये लिहून ठेवा.

रागाच्या भरात मी या बोर्डाला एक तारा दिला होता, तो आज मागे घेतो. नव्या अ‍ॅडॉप्टरवर सात आठवडे झाले, दर रात्री बॅकअप पूर्ण होतो आणि त्या आज्ञेचं उत्तर ०एक्स०, म्हणजे काहीच तक्रार नाही, असं येतं. विक्रेत्याला फोन करून माझी चूक सांगितली. त्याने दोन्ही वेळा बोर्ड स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर, काहीही न जोडता तपासला होता. बोर्डासोबत केबल आणि अ‍ॅडॉप्टरही मागवून घेत जा, एवढी विनंती मी केली आहे.